तेजस्वीला काही न देण्याचं कारण

मी, कृष्णात जोतीराम चौगुले, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती व गुऱ्हाळ, शिक्षण जुनी अकरावी, राहणार कोडोली, तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर, हा कागद माझ्या हातानं आणि माझ्या मनानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला गावातल्या डॉक्टरांकडून घेऊन सोबत जोडला आहे. घरात डॉक्टर असताना बाहेरचा दाखला का, ते पुढं कळेल. माझ्यावर कुणाचा दाब नाही. मला फूस लावील असा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे. दोन वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, त्यात निम्मी जमीन माझी मुलगी तेजस्वी हिच्या नावे होती. ते मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं.

वकील विजयसिंह घोरपडे यांनी मला दीड पानाचा मसुदा टाइप करून दिला होता. चांगला होता, पण त्यात मी कुठंच नव्हतो. म्हणून मी स्वतः लिहायला बसलो. कायद्याची चूक असेल ती त्यांनी सुधारावी. माणसांबद्दल जे लिहिलं आहे त्यातलं अक्षर हलवू नये. या कागदाची अंमलबजावणी त्यांनीच करायची आहे.

कलम १. हा कागद कशासाठी. माझी फुफ्फुसं निकामी होत चालली आहेत. वयाच्या सोळाव्या वर्षापासून मी गुऱ्हाळाच्या चुलवाणात, काहिलीखालच्या भट्टीत, उसाची चिपाडं सारली, वीस-बावीस हंगाम तरी. तो धूर आता आतून वसूल करतो आहे. ओलं कातडं वाळून कडक व्हावं तशी ती होत आहेत, असं तेजस्वी सांगते. ती मला एका दमात आकडे मोजायला लावते. पूर्वी मी चाळीस ओलांडायचो. परवा तेरावर अडलो.

तेव्हा एक दिवस दम पुरणार नाही, मला कोल्हापूरला नेतील आणि दारात प्रश्न उभा राहील की म्हाताऱ्याच्या घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवायचं का नाही. त्याचं उत्तर माझ्या वतीनं कुणी द्यायचं, हे ठरवताना माझी जमीन मध्ये आली. हे सगळं प्रकरण तेवढंच आहे.

वकील म्हणाले, आबा, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, त्यात नळीचं लिहून काय उपयोग? ते मला कळतं. नळीचा कागद वेगळा केला आहे, नोटरीपुढं, साक्षीदारांनिशी. हा कागद माझ्या बाराव्याला सोप्यात भावकी बसवून मोठ्यानं वाचायचा आहे. हा नंतर सुटणाऱ्या तोंडांसाठी आहे.

कलम २. जमीन व गुऱ्हाळ. माझ्या कष्टाची साडेतीन एकर बागायत, गुऱ्हाळघर, घाणा, इंजिन, दोन्ही काहिली आणि राहतं घर मुलगा राजवर्धन यास. वडिलोपार्जित सव्वा एकरातला माझा हिस्साही त्यालाच. अटी अशा. चुलवाणात टायर आणि प्लास्टिक जाळायचं नाही. धुराडं आणखी दहा फूट उंच करायचं. चुलवाणावर बसणाऱ्या माणसाची छाती दर हंगामाआधी तपासून घ्यायची, आणि तो खोकत असेल तर त्याला घाण्याकडं बदली द्यायची, घरी बसवायचं नाही. अट मोडलीस तर मी काही उठून येणार नाही. पण तुझी बहीण येईल, आणि तिच्यापुढं तुझी कशी त्रेधा उडते ते मी पाहिलं आहे.

कलम ३. बँकेतली ठेव सूनबाई मोना हिला. तिनं या घरात पाऊल टाकल्यावर पहिल्या महिन्यात स्वयंपाकघरातली चूल फोडली. मी दोन दिवस जेवलो नाही. तिनं तिसऱ्या दिवशीही गॅसवरचीच भाकरी वाढली. आज ती सकाळ-संध्याकाळ माझ्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा कॅलेंडरवर लिहिते. तिच्या सासूच्या वाट्याला अशी सून पंधरा वर्षं आधी यायला हवी होती.

कलम ४. माझी मुलगी डॉ. तेजस्वी कृष्णात चौगुले, वय बेचाळीस, अविवाहित, फुफ्फुसविकार व अतिदक्षता तज्ज्ञ, हिला मी काहीही देत नाही. जमीन नाही, घर नाही, आईचं एक पातळसुद्धा नाही. इथं वाचणाऱ्यानं जरा थांबावं. माझा चुलतभाऊ आण्णा खाकरेल, त्याला पाणी द्यावं. मग पुढं वाचावं, कारण या कलमाला कारण आहे आणि ते लांबलचक आहे.

ही पोरगी मिरजेला सरकारी कॉलेजात डॉक्टर झाली तेव्हा मी गावभर पेढे वाटले. पुढच्या शिक्षणासाठी तिला छातीच्या रोगांची जागा मिळाली, तेव्हा मात्र मी तोंड लपवून बसलो. त्या शाखेच्या पोरीला आमच्याकडं सगळे टीबीची डॉक्टर म्हणायचे. एका पाहुण्यांनी जमत आलेली सोयरीक मोडली, म्हणे पोरगी रोज थुंकी तपासणार. मी तिला म्हटलं, जागा सोड, एक वर्ष थांब, कातडीची नाहीतर डोळ्याची मिळेल. त्या दिवशी धम्मपाल कांबळे घरी आले होते. धम्मपाल माझे शाळासोबती, पुढं शाळेतच मुख्याध्यापक झाले. ते म्हणाले, "कृष्णात, माझी आई ज्या खोकल्यानं गेली, त्याची डॉक्टर तुझ्या घरात व्हायला लागलीय. आन् तू तोंड पाडून बसलायस?" तेजस्वी तर आधीच बॅग भरून बसली होती. आमचा विचारविनिमय चालला होता तो फक्त आमच्यासाठीच होता.

तीन वर्षं ती त्या वॉर्डात राबली. एकदा दुपारी फोन आला की आज एका हमालाच्या छातीत सुई घालून दीड लिटर पाणी काढलं, आणि तो उठून बसून वरण-भात जेवला. तिला त्याचं जेवण सांगायचं होतं. पदकं मिळाली ती तिनं कधी सांगितली नाहीत, मला पेपरातून कळली. त्यानंतर ती दिल्लीला गेली, आणखी तीन वर्षं, अतिदक्षतेचं शिकायला. मी एकदा गुळाची ढेप घेऊन गेलो. तिला सवड नव्हती, म्हणून सकाळपासून तिच्या आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून राहिलो, पेशंटच्या नातेवाइकांत. दारात दोनदा तिला पाहिलं. दुसऱ्यांदा ती बाहेर आली, एका म्हातारीशेजारी फरशीवर मांडी घालून बसली आणि तिच्या नवऱ्याचं काय झालं ते हळूहळू सांगत राहिली. म्हातारी रडली. ही उठली नाही, घड्याळ पाहिलं नाही. माझे डोळे भरून आले ते त्या म्हातारीसाठी नव्हतं, खरं सांगायचं तर.

त्या दिवशी जेवताना मी विचारलं, इतकी वर्षं इथं शिकवतात तरी काय? ती म्हणाली, नळी कशी घालायची ते पहिल्या सहा महिन्यांत येतं, उरलेली अडीच वर्षं कधी घालायची नाही ते शिकण्यात जातात. मला तेव्हा ते थट्टेचं वाटलं. मी गुळाचा खडा मोडून तिच्या ताटात टाकला आणि विषय बदलला.

ती कोल्हापूरला परत आली. दिल्लीतच राहिली असती तर बंगला झाला असता, असं आजही लोक मला ऐकवतात. शाहूपुरीजवळच्या ज्या दवाखान्यात ती लागली तिथं चौदा खाटांचं आयसीयू तिनं हातात घेतलं आणि पहिल्याच वर्षी एक पद्धत घातली. पेशंट दाखल झाला की घरच्यांनी त्याच्या वतीनं बोलणारं एकच माणूस ठरवायचं. बाकीच्यांनी दाराबाहेर कितीही आरडाओरडा करावा, उत्तर त्या एकाचंच धरलं जाईल. आणि त्या माणसाला खुर्चीवर बसवून ती सगळ्यांदेखत विचारते, "ह्यांच्या माघारी तुम्हाला काय मिळतंय?" पुष्कळ मिळत असेल, तर ती सांगते की पावणं, राग मानू नका, पण दुसरं माणूस आणा. ही रीत तिला एका प्रकारानं सुचली. बेशुद्ध म्हाताऱ्याच्या अंगठ्याला शाई लावायला त्याचे दोन पुतणे कागद घेऊन आत शिरले होते. त्या दोघांना तिनं जिना दाखवला तो कसा, हे सिस्टर अनुजा यांच्याकडून ऐकावं. त्या आयसीयूच्या मुख्य परिचारिका आहेत आणि या कागदावर साक्षीदार आहेत.

आता मला माझी चूक लिहायची आहे. ती लिहिल्याशिवाय या कलमाला अर्थ नाही.

माझी बायको तानाबाई. आयुष्यभर चुलीपुढं फुंकणी घेऊन बसली, हंगामात गुऱ्हाळावरच्या वीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या. विडीला कधी हात लावला नाही आणि तरी तिची छाती माझ्याआधी गेली. सन दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत तिला तेजस्वीकडं दाखल केलं. तोंडावर घट्ट मास्क लावून चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी तानाबाईनं मास्क बाजूला करून तेजस्वीला सांगितलं, "मला त्या यंत्रावर घालू नगंस. दमली आता मी." तेजस्वीनं बाहेर येऊन मला तसंच्या तसं सांगितलं. म्हणाली, आबा, फुफ्फुसात काही उरलेलं नाही, नळी घातली तर ती निघायची नाही, आईला शेवटचे दिवस बोलू दे. आईच्या वतीनं बोलणारा माणूस म्हणून माझं नाव लिहिलं होतं.

पण माझ्या मागं भावकी उभी होती, दुपारच्या एसटीनं आलेली, अकरा जण. आण्णा सगळ्यांत पुढं. तो म्हणाला, लेक डॉक्टर असून आईला यंत्र लावलं न्हाय, असं उद्या गाव म्हणंल. मला बायको दिसायची बंद झाली आणि गाव दिसायला लागलं. मी सगळ्यांपुढं पोरीला म्हटलं, "तू लेक हायस का डॉक्टर? बाप म्हणून सांगतोय, नळी घाल." ती आत गेली आणि स्वतःच्या हातानं आईच्या घशात नळी घातली. दुसऱ्या कुणाला तिनं ते करू दिलं नाही.

तानाबाई एकोणीस दिवस त्या यंत्रावर होती. नळी ओढू नये म्हणून तिचे हात पट्टीनं खाटेला बांधले होते. ती पुष्कळदा शुद्धीवर असायची. नळी असलेल्या माणसाला बोलता येत नाही, तेव्हा तिथं पाटी-पेन्सिल देतात, पेशंट त्यावर लिहून सांगतो. तानाबाईला लिहिता येत नव्हतं. मी अकरावी शिकलो आणि तिला चाळीस वर्षांत मुळाक्षरं शिकवली नाहीत. ती माझ्याकडं बघून चादरीवर बोट घासायची आणि मी, पाणी पाहिजे का, पाय चेपू का, राजवर्धनला बोलवू का, असं विचारत बसायचो. दर वेळी ती डोळे मिटून घ्यायची. तिला काय सांगायचं होतं ते मला आजवर कळलं नाही. आणि त्या एकोणीस दिवसांत भावकीतलं कुणी परत फिरकलं नाही.

तेजस्वीनं या गोष्टीचा मला एका शब्दानं जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती साडेतीन महिने घरी आली नाही. गावातल्या लोकांना फोनवरून पालथं झोपायला शिकवलं. शिरोलीच्या कारखानदारांना स्वतः फोन करून ऑक्सिजनची सिलिंडरं मिळवली. तेव्हा आण्णा तिच्याच आयसीयूत होता. जो तानाबाईच्या वेळी नळी घाल म्हणून ओरडत होता, तोच हात जोडून मला नळी नगं म्हणत होता. तेजस्वीनं नळी घातली नाही. तो रडला म्हणून नव्हे, त्याला गरज नव्हती म्हणून. अकरा दिवस त्याला पालथा झोपवून, मास्क लावून, शिव्या देत आणि खात तिनं बाहेर काढला. आण्णा घरी आला आणि थेट जोतिबाला जाऊन गुलाल वाहून आला. देवाला वाहायलाच पाहिजे, माझं काही म्हणणं नाही. पण शाहूपुरीचा दवाखाना तिथून पुढं अर्ध्या तासावर आहे, तिथं दोन मिनिटं थांबला असतास तर पाय झिजले नसते. आण्णा, तुला माझ्याकडून एवढीच वाटणी.

कलम ५. घरातलं ऑक्सिजनचं मशीन राजवर्धननं विकायचं नाही. गावात ज्याला लागेल त्याला वापरायला द्यावं आणि परत आणावं. जात, गट, पार्टी विचारू नये.

कलम ६. निवड. माझा रोग ठरल्यावर, यंदाच्या मार्चमध्ये, मी तेजस्वीला म्हटलं की माझ्या वेळी माझ्या वतीनं तूच बोलायचं. औषधपाणी तिच्या हाताखालचे दुसरे डॉक्टर बघतील, कायद्यानं जी समिती लागते तीही बसेल, पण घरचा शब्द तिचा. मला वाटलं ती हो म्हणेल. ती म्हणाली, "आबा, दोन्ही करू नगा. एकतर वारस करा, न्हायतर तुमच्या वतीनं बोलणारी करा. मी रोज परक्यांना विचारतोय, तुम्हाला काय मिळतंय म्हणून. मलाबी कुणीतरी विचारलं पाहिजे की."

मी चिडलो. मुलीला जमिनीत निम्मा वाटा द्यायचा म्हणून मी भावकीशी दोन वर्षं भांडलो होतो. आमच्याकडं बहिणींना तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतात, वर साडी-चोळी करून पाठवतात, आणि ते मला माझ्या घरात नको होतं. मी म्हटलं, लोक काय म्हणतील याला तू कधीपासून भ्यायला लागलीस? ती म्हणाली, "लोकांचं मरू द्या. उताऱ्यावर माझं नाव असताना मी नळी काढा म्हटलं, तर मलाच माझी खात्री वाटायची न्हाय. एकदा तुमचं ऐकून चुकीची घातली. आता काढायची येळ आली, तर हात स्वच्छ पाहिजेत."

सात वर्षांत त्या नळीबद्दल ती एवढंच बोलली. त्यानंतर मी आठ महिने विचार केला. जमीन दिली तर माझी मान उंच राहते. माझ्या वतीनं बोलायचा शब्द दिला तर मरण नीट होतं. राजवर्धननं मला सांगितलं की आबा, तिला सगळी द्या, मी तिला वर्षाचा खंड देऊन कसेन. तो तसा पोरगा आहे, हे इथं मुद्दाम नोंदवतो. गेल्या महिन्यात तेजस्वीनं वडिलोपार्जित हिश्श्याचं हक्कसोडपत्र आपण होऊन करून दिलं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कारकून राजवर्धनकडं ज्या नजरेनं बघत होता, ती नजर मला ओळखीची आहे. त्यानं विचारलं, ताई, स्वखुशीनं ना? ही म्हणाली, व्हय, आणि माझ्या भावाला च्या सांगा, त्याला लाज वाटाय लागलीय.

तर आता ऐका. राजवर्धन, ही जमीन तुला माझ्याकडून मिळालेली नाही, तिच्याकडून मिळाली आहे. बांधावर उभा राहशील तेव्हा हे लक्षात असू दे.

भावकीनं ऐकावं. हा कागद वाचला जातोय म्हणजे जे व्हायचं ते झालं आहे. लेकीनं बापाला यंत्र लावलं नाही, किंवा लावलेलं काढलं, अशी कुजबुज तेराव्यापर्यंतही थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिला यातून एक गुंठा मिळालेला नाही, एक वाटी मिळालेली नाही. माझ्या श्वासाबद्दल ती जे बोलली ते मी बोललो. नको म्हणाली असेल तर मी नको म्हणालो. काढा म्हणाली असेल तर मी काढली. ज्याला जाब विचारायचा असेल त्यानं मला विचारावा.

तेजस्वी, त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, लेक हायस का डॉक्टर. असा प्रश्न बापानं विचारायचा नसतो. मी चुकलो, पोरी. तुझ्या हातानं मी तुझ्या आईचं बोलणं बंद करवलं. माझ्या वेळी तुझ्यामागं कुणी उभं राहून ओरडणार नाही, याची तजवीज मी केली आहे. तुला जे बरोबर वाटेल ते कर आणि घरी जाऊन झोप.

सही
कृष्णात जोतीराम चौगुले

साक्षीदार
१. धम्मपाल बाबासो कांबळे, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार कोडोली
२. अनुजा सदाशिव माने, परिचारिका, राहणार हातकणंगले

आम्ही दोघे लिहून देतो की, कृष्णात चौगुले यांनी हा कागद आमच्यासमोर स्वतः मोठ्यानं वाचला, दम लागल्यामुळं नऊ वेळा थांबले, वाचून दाखवायला कुणाची मदत घेतली नाही, आणि आमच्यादेखत सही केली. आम्हांला यातून काही मिळत नाही. डॉ. तेजस्वी यांना आज बोलावलेलं नव्हतं. त्या ड्यूटीवर होत्या.

ठिकाण: कोडोली
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५